निळ्या खुणेच्या तीन प्लेटी

सोमवार, ३

आईने आज सकाळी पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "ऊठ. आत्या घ्यायला येतेय. आजपासून तू कामाला जातोयस." मी म्हणालो, मी अजून विचार करतोय. "चार महिने विचार करतोयस," आई म्हणाली. "एवढ्यात लोकांची लग्नं होऊन मोडतातसुद्धा."

या वहीत खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहून टाकतो. कॉलेजने मला काढलं नाही, मी कॉलेज सोडलं. प्रॅक्टिकलच्या परीक्षकाने माझं रीडिंग पाहिलं आणि म्हणाला, पुस्तकात इतकं येतं, तुझं एवढं कसं? दुरुस्त कर. मी म्हणालो, आलं ते लिहिलं. तो म्हणाला, मग पुढच्या वर्षी ये परत, आलं ते लिहायला. मी जर्नल उभं फाडलं, दोन्ही तुकडे त्याच्यापुढे ठेवले आणि बाहेर पडलो. दारापर्यंत फार भारी वाटत होतं. जिन्यापर्यंत जरा कमी. घरी आईसमोर तर अजिबातच नाही.

आत्या थायरॉइडच्या पेशींवर संशोधन करते. वीस वर्षं तेच. पाहुण्यांना सांगते, "गळ्यातली फुलपाखराएवढी ग्रंथी," की सगळे पाहुणे आपापला गळा चाचपतात. तिची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. माझं काम बाटल्या धुणं, पिपेटच्या टिप्स डब्यांत भरणं आणि कशालाही विचारल्याशिवाय हात न लावणं.

आणि तिथे ती आहे. सध्या एवढंच.

मंगळवार, ४

"सध्या एवढंच" चोवीस तासही टिकलं नाही.

ती आत्याची पीएचडीची विद्यार्थिनी. पाचवं वर्ष. माझ्याहून पाचएक वर्षांनी मोठी असेल, पण वय हा आकडा आहे आणि आकड्यांवरून माझं आधीच एकदा वाजलंय. कोपऱ्यात एक फ्रीज आहे, आत उणे ऐंशी अंश. दार उघडलं की वाफ बाहेर येते आणि बोटं चिकटतात. हिचंही तसंच. मी मनात तिला उणे ऐंशी म्हणतो.

आत्या म्हणाली, "ताई म्हण तिला." मी म्हणणार नाही. त्यामुळे दिवसभर मी हाक न मारता बोलत होतो. "चहा घ्यायचा होता का?" "ही बाटली धुवायचीय का?" शेवटी उणे ऐंशी म्हणाली, "अरे, तू भिंतीशी बोलतोयस की माझ्याशी?"

तिने मला सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. एकमेकींना चिकटून बसलेल्या, मधे मधे टपोऱ्या, जसा बायकांचा घोळका कुणाची तरी गोष्ट ऐकतोय. तिच्या खांद्याचा वास साबणाचा होता. पेशी छान आहेत.

शुक्रवार, ७

आज वहीवरून बोलणी बसली. माझ्या नाही, लॅबच्या. बाटल्यांची नोंद करताना माझं चुकलं म्हणून मी पान फाडलं. उणे ऐंशी धावत आली. "इथे पान फाडत नाहीत! चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. उतरवून काढलेलं चालत नाही. मूळ तेच खरं."

मी म्हणालो, "मूळ घाण असलं तर?"

"तर घाण. पण मूळ."

आत्या आतून ओरडली, "भडका पेटला का गं?" घरी मला भडका म्हणतात. आता तिसऱ्या मजल्यावरही म्हणतात.

मंगळवार, ११

मोठा प्रयोग आजपासून. उणे ऐंशीने बाकावर बसवून नीट समजावलं. मी ऐंशी टक्के तिच्याकडे आणि वीस टक्के विषयाकडे बघत होतो, तरी वीस टक्क्यांतलं इथे लिहितो.

टीएसएच म्हणजे आईच्या रक्ताच्या रिपोर्टात दर वेळी वाढलेलं असतं ते. मेंदूखालच्या ग्रंथीने थायरॉइडला धाडलेला हुकूम. हुकूम आला की पेशी आयोडीन आत ओढायचा पंप बनवते. पंपाचा एक जीन आहे, तो चालू होतो. हुकूम थांबला की जीन बंद. उणे ऐंशीचं म्हणणं, एक प्रथिन त्या जीनवर ब्रेकसारखं बसतं. निळ्या खुणेच्या तीन प्लेटींतल्या पेशींतून तिने तो ब्रेक काढून टाकलाय. पांढऱ्या खुणेच्या तीन आहेत तशाच. आता सहाही प्लेटी सहा दिवस टीएसएचशिवाय ठेवायच्या. याला इथे 'उपाशी ठेवणं' म्हणतात.

"निळ्यांतला जीन तरीही चालू राहिला, तर माझं म्हणणं खरं."

"आणि नाही राहिला तर?"

"तर पाच वर्षं मी प्लेटी फार छान हाताळल्या," ती म्हणाली आणि फोनवर मेल बघायला लागली. दिवसातून चाळीसदा बघते. कुणाची तरी वाट बघते. तो कोण आहे ते मला कळलं पाहिजे.

शुक्रवार, १४

निळ्या प्लेटी वाईट दिसतात. पांढऱ्या तशा बऱ्या आहेत. उणे ऐंशीने सकाळी सूक्ष्मदर्शकात बघितलं, म्हणाली, "गेल्या या. चपट्या पडल्यात," आणि डोळ्यांवर हात ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिली. डोळे लाल होते. माणूस प्रेमात असल्याशिवाय इतकं जागत नाही, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

ती चहाला गेली. मला सहाही प्लेटींतलं जुनं माध्यम, म्हणजे पेशी ज्यात बुडून असतात तो रस, काढून नवं भरायचं होतं, आता ते काम माझ्याकडे आहे. दुसऱ्या एका प्रयोगातली टीएसएचची छोटी नळी बर्फात उरली होती, टाकून द्यायची. मी विचार केला: उपाशी माणसाला कोणी घोटभर पाजलं तर त्याला पाप म्हणत नाहीत. पिपेट दहावर लावली, पिवळी टिप (मला आता रंग कळतात), निळ्या तिन्ही प्लेटींत एकेकदा. अकरा वाजून वीस मिनिटं. पांढऱ्यांना दिलं नाही. त्या बऱ्या आहेत, आणि तिचा जीव निळ्यांवर आहे.

हे कुणाला सांगणार नाही. प्रेमात उपकार बोलून दाखवायचे नसतात.

शनिवार, १५

आज पुन्हा. तेवढंच, साडेदहाला. निळ्या जरा सावरल्यासारख्या वाटतात. मला तरी.

बुधवार, १९

आज जे झालं ते जेवायच्या आधीच लिहून टाकतो.

सोमवारी पेशी काढल्या, काल त्यांतला आरएनए काढला, आज मशीन लावलं. पडद्यावर रेघा चढतात. रेघ लवकर चढली तर जीन जोरात चालू, उशिरा चढली तर थंड. पांढऱ्या तिन्ही रेघा शेवटपर्यंत झोपून होत्या. निळ्या तिन्ही लवकर उठल्या. तिन्ही!

उणे ऐंशीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग आत्याला मिठी मारली. मग माझ्याकडे वळली. मी तयारच होतो, पण तिने माझे केस विस्कटले. "तुझ्या हाताला गुण आहे रे, भडक्या! माध्यम तूच बदलत होतास ना?"

मी नुसता हसलो. उपाशी मेल्या असत्या तर कुठल्या रेघा आणि काय. माझ्या दोन घोटांनी जगल्या. तिला ठाऊक नाही, मला आहे. यापेक्षा सुंदर प्रेम मी ऐकलेलं नाही.

आत्या मात्र पडद्याकडे फार वेळ बघत राहिली. "आधी पुन्हा करा. मग नाचा," म्हणाली.

शुक्रवार, २१

'तो' सापडला. 'तो' म्हणजे समिती. उणे ऐंशीची शिष्यवृत्ती संपत आलीय. एकतीसला समितीपुढे उभं राहायचं, काय निघालं ते दाखवायचं, मग ते वर्ष वाढवून देणार की नाही ते ठरणार. नाही दिलं तर पाच वर्षांवर पाणी. मेल त्याचेच होते. डोळे लाल त्यामुळेच.

म्हणजे ती मोकळी आहे! आणि रेघा पण चढल्यात. देव एकाच आठवड्यात इतकं देत नाही सहसा.

आत्याने विचारलं, एकतीसच्या आत पुन्हा करता येईल? उणे ऐंशी म्हणाली, ब्रेक काढलेल्या पेशी नव्याने वाढवायला दोन आठवडे, वर सहा दिवस. नाही होणार. "मग दाखवताना सांग, एकदाच केलंय," आत्या म्हणाली. मला आत्याचा राग आला.

मंगळवार, २५

शेजारच्या लॅबमध्ये एक जण आहे, मी त्याला शंकासुर म्हणतो. कोणी 'आज गरम होतंय' म्हटलं तरी तो 'कुठल्या थर्मामीटरने' विचारतो. आज तो व्हरांड्यात उभा राहून उणे ऐंशीचा आलेख बघत होता. म्हणाला, "टीएसएचशिवाय एवढा वर? मला नाही पटत. कोणीतरी प्लेटींत टीएसएच पाडलंय."

माझं डोकं फिरलं. "कोणीतरी म्हणजे कोण? नाव घे!"

"अरे बाबा, मी कुणाचं नाव..."

"हिंमत असेल तर नाव घे!" मी त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी धरली. उणे ऐंशी मधे पडली. तिच्यासाठी मी भांडतोय हे तिने पाहिलं. आत्याही आली. "भडक्या, सोड त्याची दोरी. प्रश्न विचारण्यासाठीच त्याला पगार मिळतो."

मी तणतणत बाटल्या धुवायला गेलो. साडेतीन वाजले असतील. आठव्या की नवव्या बाटलीत ब्रश घालताना डोक्यात एकदम ट्यूब पेटली. हुकूम नसताना जीन चालू राहतो का, हेच तर बघायचं होतं. आणि हुकूम मी दिला. दोनदा. फक्त निळ्यांना.

कोणीतरी. ज्याचं नाव घ्या म्हणून मी अख्खा मजला डोक्यावर घेतला, ते माझ्याच अॅप्रनमध्ये उभं होतं.

बाटली फुटली नाही. मीच खाली बसलो.

बुधवार, २६

दिवसभर दोन विचार. एक: गप्प बसायचं. कुणालाच कळणार नाही. ती समितीपुढे उभी राहील, वर्ष मिळेल, पुन्हा केस विस्कटेल. पुढे कधी तरी दुसऱ्या कुणी केलं आणि नाही आलं, तर नाही आलं.

दोन: परीक्षकाने मला सांगितलं होतं, रीडिंग बदल. मी कॉलेज सोडलं, पण बदललं नाही. त्या एका गोष्टीवर मी चार महिने आईच्या नजरेला नजर देतोय. आणि आता मी स्वतः चालतंबोलतं खोटं रीडिंग आहे.

संध्याकाळी गाडीत आत्याला म्हणालो, "आत्या, समजा एखाद्याने..."

"मला सांगू नकोस," ती म्हणाली. सिग्नलला गाडी थांबली होती, तरी ती समोरच बघत होती. "प्लेटी माझ्या नाहीत. ज्याच्या आहेत त्याला सांग. उद्या. परवा नको."

म्हणजे हिला शंका होती? मग बोलली का नाही? विचारलं तर म्हणाली, "शंका कुणालाही असते रे. नोंद एखाद्याकडेच असते."

गुरुवार, २७

सांगितलं.

उणे ऐंशी समितीसाठी स्लाइड करत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. "एक सांगायचं होतं."

तिने मान वर केली नाही. "चिठ्ठीबिठ्ठी असेल तर खिशातच राहू दे. सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. मला आज खरंच वेळ नाही."

"चिठ्ठी नाही," मी म्हणालो. "टीएसएच."

मग तिने मान वर केली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मलाही ओरडता आलं असतं, ते मला जमतं. पण ती उणे ऐंशीच्याही खाली गेली.

"कुठल्या प्लेटी?"

"निळ्या."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"पांढऱ्या?"

"नाही. त्यांचं मला काही वाटलं नाही."

तिने डोळे मिटले, उघडले. "किती? कधी?"

"लिहून ठेवलंय."

"कुठे? लॅबच्या वहीत काहीच नाही."

"माझ्या वहीत."

"आण."

"दोन ओळी आहेत. उतरवून देतो."

"उतरवलेलं मला नको."

मी म्हणालो, त्या वहीत खासगी आहे. ती म्हणाली, "माझी पाच वर्षंही खासगीच होती."

घरी येऊन वही हातात घेऊन बसलो. चार पानं फाडली असती तर फक्त टीएसएच उरलं असतं. साबणाचा वास, मोकळी आहे, सुंदर प्रेम, ते सगळं गेलं असतं. आई दारात येऊन म्हणाली, "आता काय फाडतोयस?" मी म्हणालो, काही नाही. खरंच काही फाडलं नाही.

हे लिहून झालं की वही पिशवीत. उद्या तिच्या हातात.

शुक्रवार, २८

(बाटल्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, नंतर चिकटवलंय. वही तिच्याकडे होती.)

सकाळी वही दिली. तिने ती आडवी धरून जेवणाच्या सुट्टीत वाचली, जसं मशीनचं माहितीपत्रक वाचावं. मी काचेच्या दाराबाहेर टिप्स भरत होतो. एका डब्यात शहाण्णव टिप्स बसतात. मी त्याच डब्यात तीनदा भरल्या असतील. एकदा तिच्या तोंडाला काहीतरी झालं, हसली की रडली ते काचेतून कळलं नाही. मग ती आत्याच्या खोलीत गेली. दार बंद.

चारला वही परत मिळाली. प्रत्येक पानाला नंबर घातलेत. चौदा आणि पंधरा तारखेच्या ओळींखाली तांबडी रेघ, बाजूला सही. 'पांढऱ्यांना दिलं नाही' याच्या बाजूला: 'महत्त्वाचे.' साबणाच्या ओळीवर काही नाही. 'वय हा आकडा आहे' याच्यापुढे एक छोटं प्रश्नचिन्ह.

"यापुढे हीच तुझी लॅबची वही," ती म्हणाली. "रोज लिहायचं. दर शनिवारी मी तपासणार. आणि मी रागावलेय."

"किती दिवस?"

"मोजलं नाहीये अजून."

सोमवार, ३१

समिती. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी लॅपटॉपची वायर आणि ही वही घेऊन दाराबाहेर बसलो, लागली तर द्यायला. दार नीट लागत नाही, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

तिने निळ्या रेघा दाखवल्या. आत कुणीतरी 'वा' म्हणालं. मग ती म्हणाली, "हा निकाल मी मागे घेते आहे," आणि का ते माझ्या नोंदीसकट सांगितलं. आवाज एकदाच चिरकला.

अध्यक्ष म्हणजे कानात यंत्र घातलेले म्हातारे गृहस्थ. म्हणाले, "टीएसएच घातलं कुणी?"

"प्लेटी माझ्या होत्या. जबाबदारी माझी."

"ते झालंच. पण घातलं कुणी?"

ती स्लाइड पुढे सरकवायला लागली. मला काय झालं कोण जाणे, मी दार ढकलून आत. "मी घातलं."

आत्याने कपाळाला हात लावला.

"आपण कोण?"

"मी बाटल्या धुतो."

"आणि ही दहा मायक्रोलिटर, अकरा वीस, ही नोंद कुणी केली?"

"मीच."

"चूक करताना नोंद ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. बघू ती वही."

उणे ऐंशीने माझ्या हातातून वही घेतली, चौदा तारीख काढली आणि उरलेल्या पानावर तळहात पालथा ठेवून त्यांच्यापुढे धरली.

म्हाताऱ्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "आणि हाताखाली काय आहे?"

"हवामान," ती म्हणाली.

बाहेर बसा म्हणाले. पाऊण तास. शंकासुर येऊन शेजारी बसला, म्हणाला, "मी म्हणालो होतो कोणीतरी," आणि मी दोरी धरायच्या आत, "चहा घेतोस?" घेतला.

वर्ष नाही मिळालं. सहा महिने मिळाले. निकाल मागे घेणाऱ्यांना सहसा तेवढेही देत नाहीत, असं आत्या म्हणाली. उणे ऐंशी जिन्यात बसली आणि मोठमोठ्याने रडली, मग नाक पुसून म्हणाली, "फ्रीजमधल्या पेशी वितळवायला काढ. बसलायस काय?"

बुधवार, २३ (नवा महिना)

दुपारी दोन. पुन्हा केलेल्या प्रयोगाचं मशीन लावलं. सहा प्लेटी, तीन निळ्या, तीन पांढऱ्या, सहाही दिवस टीएसएचशिवाय. माध्यम मीच बदललं, संशोधिका (म्हणजे ती, या वहीत आता तसंच लिहायचं) शेजारी उभी नव्हती. ती किल्ली माझ्याकडे देऊन मुद्दाम बाहेर गेली होती. चौथ्या दिवशी निळ्या चपट्या पडल्या. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं एवढंच केलं.

रेघा: पांढऱ्या तिन्ही झोपून. निळ्यांपैकी दोन झोपून. तिसरी किंचित लवकर उठली, अगदी किंचित, डोळे बारीक करून बघितलं तर.

शंकासुर म्हणाला, "योगायोग." आत्या म्हणाली, "पुन्हा करा." मी म्हणालो, तीनातली एक तरी उठली ना! संशोधिका म्हणाली, "तीनातली एक म्हणजे काही नाही. तीनदा तिन्ही उठल्या तर बोलू." आणि मग पडद्यावरच्या त्या एका रेघेकडे बघून हसली. समितीनंतर पहिल्यांदा.

याखेरीज आज नोंदवण्यासारखं काही घडलं नाही.

(तांबड्या शाईत, शनिवारी: 'हसली' याची वेळ लिहिलेली नाही. तपासले.)

दुपारी चार वाजून दहा मिनिटं.